लेपर्ड गेकोला मादी हवी म्हणून गेलो आणि नर गळ्यात मारला, तोही आजारी

ज्यांच्याकडे लेपर्ड गेको आहे आणि जोडी शोधताय त्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा. आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो, चार वर्षांपूर्वी लेकीने हट्ट करून ही पाल आणली, नर आहे, नाव सोन्या. यंदा तिच्या डोक्यात आलं की सोन्या एकटा पडतो, त्याला बायको हवी, पिल्लं हवीत. खरं तर या पाली एकट्याच मजेत राहतात, त्यांना सोबत लागत नाही, पण आम्हाला हे तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

ऑनलाइन जाहिरात सापडली. मादी, दोन वर्षांची, 60 ग्रॅम, आधी अंडी दिलेली, 70 पाउंड. फोटोत शेपूट मस्त जाड, आणि यांची चरबी शेपटीतच साठते म्हणून जाड शेपूट बघितली की तब्येत चांगली असं समजतात. नर की मादी हे खालून कळतं म्हणून मी पोटाकडचा फोटो मागितला तर विकणारा म्हणाला, पोटात अंडी आहेत, उताणी केली तर दगावेल. मला पटलं!! अहो पण उताणी करायची गरजच नसते, पारदर्शक डब्यात ठेवून खालून फोटो काढायचा, एक मिनिटाचं काम. आणि पोटात अंडी आहेतच तर तिला नर कशाला हवाय, हेसुद्धा त्या वेळी सुचलं नाही.

घरी येऊन बघू का विचारलं तर घरात कोणीतरी आजारी आहे म्हणे. अजून तिघं मागे लागलेत, आत्ता पैसे टाकलेत तरच ठेवतो, आणि पेपलवर फ्रेंड्स अँड फॅमिली करूनच टाका. तसे पाठवलेले पैसे फसवणूक झाली तरी पेपल परत मिळवून देत नाही, हे मला नंतर कळलं. एम-फोर हायवेवरच्या सर्व्हिसेसच्या पार्किंगमध्ये अंधार पडल्यावर भेटला, टेकअवेचा प्लास्टिकचा डबा, वर टेप मारलेली, थंडी आहे घरी जाईपर्यंत उघडू नका म्हणाला आणि गेला. जाताना एवढं मात्र आवर्जून सांगितलं की हिला कसलाही आजार नाही, आजच सोन्यासोबत सोडा.

नवरा म्हणत होता महिनाभर तरी वेगळ्या खोलीत ठेवू. मी दोनच दिवस थांबले, लेक रोज विचारत होती म्हणून.

मादी दिसली की नर शेपटीचं टोक थरथरवतो, खुळखुळ्यासारखा बारीक आवाज येतो. सोन्याने तसं काहीच केलं नाही, चारही पायांवर उंच झाला, पाठीची कमान केली आणि थेट तुटून पडला. तीनचार सेकंद. नव्या पालीने शेपूट टाकली, ती टँकमध्ये वळवळतेय, सोन्याच्या जबड्यातून रक्त, आणि लेक ओरडतेय आई काढ त्याला, आई काढ. मी हात घालून वेगळं केलं.

एक्झॉटिक प्राण्यांच्या डॉक्टरांनी नव्या पालीला डब्यात ठेवून खालून बघितलं आणि लगेच नर म्हणून सांगितलं. मागच्या पायांच्या मधे इंग्रजी व्ही अक्षरासारखी बारीक छिद्रांची ओळ आणि शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे, हे नराचं. मादीत फुगवटे नसतात, छिद्रं असली तरी पुसट. वजन भरलं 34 ग्रॅम, वय वर्षाच्याही आत. म्हणजे मादी असती तरी अंड्यांसाठी लहानच होती, त्यासाठी किमान वर्षाची आणि 50 ग्रॅमच्या आसपास तरी लागते. फोटो दुसऱ्याच पालीचा.

यापेक्षा वाईट म्हणजे शीच्या टेस्टमध्ये क्रिप्टो निघाला. हा आतड्यातला परजीवी आहे, खाल्लेलं अंगी लागत नाही, शेपूट काडीसारखी होते आणि खात्रीचा इलाज नाही. सॅनिटायझरनेही मरत नाही, त्यामुळे भांडी, चिमटे, लपायची गुहा सगळं फेकलं. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी त्या बिचाऱ्या नव्या पालीला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवलं. त्याची काय चूक होती, तोही फसवलेलाच. बिल 280 पाउंड.

विकणाऱ्याने ब्लॉक केलंय. इंग्लंडमध्ये 2018 च्या नियमांनुसार धंदा म्हणून पाळीव प्राणी विकायला काउन्सिलचं लायसन्स लागतं आणि त्याचा नंबर जाहिरातीत द्यावा लागतो. याच्या जाहिराती एकामागून एक चालू आहेत आणि नंबर कुठेच नाही, मी स्क्रीनशॉटसकट काउन्सिलला कळवलंय. तुम्ही घेताना तो नंबर मागा, खालून काढलेला व्हिडिओ मागा, वजनकाट्यावर ठेवून दाखवायला सांगा, आणि आणल्यावर दोनतीन महिने वेगळ्या खोलीत, वेगळ्या चिमट्याने, आधी आपल्या पालीचं सगळं उरकून मग नवीनचं. मधे शीची टेस्ट, तीही एकदा नाही, कारण क्रिप्टो प्रत्येक वेळी शीत सापडेलच असं नाही.

सोन्याची पहिली टेस्ट निगेटिव्ह आलीय, दुसरी पुढच्या आठवड्यात आहे. जबडा भरत आलाय. काल त्याने आठ दिवसांनी पहिला रातकिडा धरला, लेकीच्या हातातल्या नव्या चिमट्यातून.