घरात कुणी पडलं: १०८ की रिक्षा?

सोसायटीतल्या एका ताईंचा प्रश्न: सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या तर रिक्षाने फॅमिली डॉक्टरांकडे न्यायचं, की १०८ला, म्हणजे सरकारी रुग्णवाहिकेला, फोन करायचा?

खर्चाचं आधी उरकू. १०८ मोफत, रिक्षाला मीटरप्रमाणे. तो मुद्दाच नाही. वेळेत रिक्षा बरेचदा जिंकते, विशेषतः पुण्याच्या पेठांतल्या बोळांत.

खरा फरक हलवण्यात आहे. पाय आखूड दिसतोय, पाऊल बाहेर वळलंय, टेकवत नाही? खुब्याचं हाड मोडलं असण्याची शक्यता मोठी. अशा माणसाला रिक्षात दुमडून बसवायचं, त्यात आपले स्पीडब्रेकर! मान किंवा पाठ दुखतेय, हातापायांना मुंग्या आल्यात, तर जागचं हलवूच नका. स्ट्रेचर येऊ द्या.

डोक्याला मार लागून शुद्ध हरपली, उलट्या होतायत, बरळणं किंवा गुंगी आहे: १०८. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर टेंगूळ लहान असलं, माणूस ठणठणीत वाटला तरी लगेच सीटी स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. पुण्याचं सरकारी ससून रुग्णालय चोवीस तास उघडं असतं. ‘सकाळी बघू’ नको.

नुसतं मनगट सुजलंय, खरचटलंय, पण माणूस चालतोय, नीट बोलतोय? ओढणीची झोळी बांधा आणि रिक्षाने क्लिनिकला जा. एक्स-रे मात्र टाळू नका.