मानकुरादचं कलम लावताय? सहा फुटी तयार झाड की दीड फुटी छोटं

मे संपत आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, परसात एक मानकुराद, म्हणजे आपला गोव्याचा आंबा, लावायचाय, मोठं झाड आणू की छोटं कलम. २०२३ मध्ये मानकुरादला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून तर जास्तच विचारतात. कलमच हवं, बाठ्याचं (कोयीचं) रोप नको, हे सगळ्यांना माहीत असतं, बाठा रुजवून मानकुरादच येईल याची खात्री नाही, तो विषय संपला. अडतं ते साइजवर. मी दोन्ही लावलेत, २०१८ च्या जूनमध्ये, एकाच आठवड्यात, एकाच परसात पंधरा पावलांवर. मोठं रस्त्याकडेच्या एका नर्सरीतून, छोटं ओल्ड गोव्याच्या आयसीएआर या सरकारी शेती संशोधन संस्थेतून.

मोठ्याचे फायदे आहेत, ते नाकारत नाही. गुरांचं तोंड शेंड्याला पोचत नाही, पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढलं तरी झाड हरवत नाही, आणि नवीन घरासमोर पहिल्या दिवसापासून काहीतरी उभं दिसतं. वास्तुशांतीला आई-वडिलांच्या हातून झाड लावायचं असेल आणि ते लगेच दिसायला हवं असेल, तर मोठं घ्यावंसं वाटणं मी समजू शकतो. माझ्या मोठ्याला तर पिशवीतच मोहोर होता, तो बघूनच मी भुललो. खरं म्हणजे पिशवीतला मोहोर ही काही चांगली खूण नाही, मुळं धरायच्या वयात झाड ताकद फुलांत घालतं. लावल्यावर पहिली तीन-चार वर्षं मोहोर आला तरी खुडूनच टाकायचा असतो.

माझा निर्णय झाला तो पिशवीच्या आत जे असतं त्यावरून. मोठं झाड दोन पावसाळे जसंच्या तसं उभं राहिलं. पालवी यायची, चार पानं लाल व्हायची, हिरवी व्हायची आणि थांबायची. शेणखत घातलं, पाणी घातलं, वाळवी आहे का बघितलं, काही सापडेना. तिसऱ्या पावसाळ्यात एका रात्री वाऱ्याने ते कललं. सकाळी सरळ करायला धरलं तर नुसतं हाताने उपटून आलं. मुळं बघितली आणि वाईट वाटलं, बोटाएवढी जाड मुळं पिशवीच्या आकारात गोल गोल फिरलेली, दोरीचं वेटोळं करून ठेवावं तशी, आणि खाली जाणारं मूळ तळाला वळून परत वर आलेलं. दोन वर्षं ते झाड जमिनीत असूनही पिशवीतच राहत होतं. आपली जमीन चिऱ्याची (जांभ्या दगडाची), तिथे मूळ खाली फटीत शिरलं तरच झाड नोव्हेंबर ते मे काढतं, नाहीतर जन्मभर पाणी घाला.

सगळीच मोठी झाडं अशी नसतील. मोठ्या पिशवीत वेळेवर बदललेली असतील तर चांगली होतही असतील. पण काळ्या पिशवीतून काही दिसत नाही आणि विकत घेण्याआधी पिशवी फाडून दाखव म्हणून सांगायला आपल्यालाच बरं वाटत नाही, हाच तो त्रास. निदान तळाच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आलीयत का तेवढं बघा, आली असतील तर सोडून द्या. घेऊन आलाच असाल तर लावताना मातीच्या गड्ड्याला बाजूने तीन-चार उभे काप द्या, तळाची गुंडाळलेली मुळं छाटा, उरलेली हाताने मोकळी करून पसरा.

छोट्याचा त्रास वेगळा, राखण लागते. गवत कापायचं मशीन घेऊन येणाऱ्याला कलम दिसत नाही आणि एका क्षणात वर्ष जातं, म्हणून भोवती चार काठ्या आणि लाल फडकं बांधाच. कलमाच्या जोडाखालून फूट येते ती दिसल्या दिवशी काढायची, ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची, फूट असते आणि मानकुरादपेक्षा जोरात वाढते, लक्ष दिलं नाही तर वरचं कलम मरून खालचं रायवळ (गावठी आंबा) मोठं होतं. जोडावरची प्लास्टिकची पट्टी राहिली असेल तर कापा, नाहीतर खोडात रुतते. जोड मातीच्या वर राहू दे.

खड्ड्याचं दोन्हीला सारखंच. मे मध्ये खणून ठेवा, पण चिऱ्यात खणलेला खड्डा जूनमध्ये बादलीसारखा भरतो आणि मुळं कुजतात हे लक्षात ठेवा. मी पहारीने तळाला एका बाजूने फट पाडली, माती जमिनीच्या वर वीतभर उंच भरली आणि त्या उंचवट्यावर कलम लावलं. चतुर्थीनंतर ऊन तापायला लागलं की पश्चिमेकडून चुडतांची (माडाच्या झावळ्यांची) सावली, बुंध्यापासून चार बोटं सोडून पातेऱ्याचा (सुक्या पानांचा) जाड थर, आणि बाजूला तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरून दर चार दिवसांनी भरायचं. दोन उन्हाळे एवढं केलं, तिसऱ्या उन्हाळ्यात मडकं काढलं तरी पानं लोंबली नाहीत.

छोटं पहिल्या वर्षी गुडघ्याएवढंही नव्हतं, चौथ्या वर्षी माझ्या डोक्यावर गेलं. २०२३ ला मोहोर पहिल्यांदा ठेवला, अकरा आंबे धरले, पिकल्यावर पहिला देवापुढे ठेवला. मोठं उपटून आलं त्या खड्ड्यात २०२१ च्या मृगात परत दीड फुटीच लावलंय, आता तेही पडवीच्या कौलांना लागायला आलंय.