डोलीच्या बोटीवरच्या बॅटऱ्या आणि हात न पोचणारा पंप: दहा महिने वापरून

आमची बोट वर्सोव्याला असते. डोलीची मासेमारी, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची. तांडेल (बोटीचा म्होरक्या) धरून पाच माणसं. मागच्या पावसाळी मासेमारी बंदीत मी तिच्या बॅटऱ्या, वायरिंग आणि तळातलं पाणी उपसणारा पंप, सगळं नव्याने केलं. ऑगस्टपासून मेअखेरपर्यंत ते समुद्रात वापरून झालंय. आता १ जूनला पुन्हा बंदी लागली, बोट वर ओढलीय, म्हणून काय टिकलं आणि काय फसलं ते लिहितोय.

हे करावं का लागलं ते आधी सांगतो. आदल्या मोसमात, डिसेंबरातल्या एका रात्री, जाळ्याजवळ नांगर टाकून आम्ही भरती-ओहोटीचं पाणी फिरायची वाट बघत होतो. इंजिन बंद, दिवे चालू. तेव्हा बोटीवर एकच बॅटरी होती. स्टार्टर, दिवे, व्हीएचएफ (बोटीवरचा वायरलेस), जीपीएस, पंप, सगळं तिच्याच जिवावर. पहाटे तांडेलकाका म्हणाले, "पोरा, फळी उचलून तळ बघ जरा." बघितलं तर पाणी गिअरबॉक्सला लागलेलं. पंप गप्प. चावी फिरवली तर स्टार्टरचं नुसतं टक. रंगाच्या वीस लिटरच्या बादल्यांनी दीड तास पाणी काढलं. मग शेजारच्या बोटीवाल्यांनी त्यांची बॅटरी हातोहात आमच्याकडे दिली, तेव्हा कुठे इंजिन लागलं. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.

किनाऱ्यावर आल्यावर उलगडा झाला. पाणी चढलं की फ्लोट तरंगून वर येतो आणि पंप लागतो, त्या फ्लोट स्विचच्या बिजागरीत जाळ्याचा एक धागा आणि माशांची खवलं अडकून फ्लोट वरच राहिला होता. त्यामुळे तळ कोरडा झाला तरी पंप फिरतच राहिला आणि रात्रीतून बॅटरी संपवून बसला. मग शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे पंख्याचा शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथल्या पॅकिंगच्या जोडातून, पाणी येत राहिलं. ग्लँडमधून थेंब थेंब पडायलाच हवं, पॅकिंग त्यानेच थंड राहतं. पण आमचं पॅकिंग झिजून थेंबांची धार झाली होती. वर बर्फाचं वितळलेलं पाणी होतंच. बर्फाच्या खणातून ते खवलं घेऊनच तळात उतरतं.

तो धागा काढायला दोन मिनिटं पुरली असती. पण पंप होता गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टखालच्या चिंचोळ्या जागेत. माझा हात खांद्यापर्यंत घातला तरी बोटं जेमतेम टेकायची, आणि तेही इंजिन थंड असताना. म्हणून कोणी तिथे हात घातलाच नव्हता, कित्येक महिने.

आधी बॅटऱ्या. दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती एएचची देऊ?" एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती साठतं त्याचं माप. त्याचं उत्तर बोटीवर बसून काढा. आमचे चार एलईडी दिवे मिळून ४० वॅट, म्हणजे साधारण ३.३ अँपिअर. जीपीएस-फिशफाइंडर १, व्हीएचएफ नुसता ऐकत ठेवला तर अर्धा. पाचच्या आसपास धरा. बारा तासांचे ६० एएच झाले. पंप ४ अँपिअर ओढतो, रात्रभरात तुकड्यातुकड्याने दोन तास चालला तर आणखी ८. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये, तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून आम्हाला १५० एएच.

प्रकार कोणता, हे जास्त महत्त्वाचं. गाडीच्या बॅटरीत पातळ प्लेटा असतात. स्टार्टरला एकदम मोठा करंट द्यायला त्या उत्तम, पण रात्रभर दिव्यांवर वापरली की काही महिन्यांत बसते. आमची तशीच बसली होती. ट्यूब्युलर बॅटरी हळूहळू, खोल वापरासाठी असते. घरच्या इन्व्हर्टरला उंच ट्यूब्युलर लावतात, ती मात्र बोटीवर घेऊ नका. उधाणाच्या दिवसांत बोट डोलायला लागली की उंच बॅटरी कलंडायला बघते, झाकणातून अ‍ॅसिड बाहेर येतं. मी बुटकी ट्यूब्युलर घेतली. लिथियमचाही विचार केला. वजनाला ती हलकी, पण किमतीला दुपटीहून जास्त, आणि इंजिनाच्या अल्टरनेटरला थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मधे वेगळा चार्जर लावावा लागतो. ज्याला तेवढा खर्च झेपेल त्याने करावा.

म्हणजे आता दोन बॅटऱ्या: स्टार्टरला वेगळी, बाकी सगळ्याला ट्यूब्युलर. मधे व्होल्टेज बघून जोडणारा रिले. इंजिन चालू होऊन व्होल्टेज वर चढलं की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, उतरलं की तोडतो. दहा महिन्यांत एकदाही स्टार्टरला बॅटरी कमी पडली नाही. सकाळी इंजिन लावायच्या आधी ट्यूब्युलरवर १२.३ ते १२.४ व्होल्ट दिसतात. एकदा भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत लांब थांबलो होतो तेव्हा १२.१ दिसले होते.

घेताना मला एक फटका बसला. दुकानदाराने दिलेली पहिली बॅटरी घरी आणून वरचा छाप वाचला तर बनून जवळजवळ वर्ष झालेलं. शेल्फवर नुसती पडून राहिलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी आतून कडक होत जाते. बरीच बोलाचाली झाल्यावर बदलून मिळाली. पैसे द्यायच्या आधी तारीख वाचा आणि प्रत्येक सेलमधल्या अ‍ॅसिडची ग्रॅव्हिटी (घनता) समोर मोजून घ्या.

दोन्ही बॅटऱ्या तळापासून उंच, झाकण असलेल्या पण हवा खेळणाऱ्या पेटीत पट्ट्याने आवळल्यात. खारं पाणी बॅटरीच्या अ‍ॅसिडमध्ये गेलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि चार्ज होताना हायड्रोजन निघतो. दोन्ही विषय थट्टेचे नाहीत. डिस्टिल्ड वॉटर ऑक्टोबर आणि मे या दोन महिन्यांत जास्त लागलं, बाकी वेळी महिन्यातून एकदा बघितलं तरी चाललं.

आता पंप. जागा बदलता येत नव्हती, कारण सगळ्यात खोल जागा तीच. म्हणून मी पंपालाच वर यायची वाट करून दिली. मासळी कापायचा जाड प्लास्टिकचा पाट असतो ना, त्याची ६० सेंटिमीटर लांब पट्टी कापली. तिच्या खालच्या टोकाला पंप आणि फ्लोट स्विच स्टीलच्या स्क्रूंनी बसवले, वरच्या टोकाला मूठ. पट्टी इंजिनाच्या बाजूने तिरकी खाली सरकते आणि पंप बरोबर आपल्या जागी जातो. वायर आणि होज दोन्ही हातभर जास्त ठेवलेत. साफ करायचं झालं की मूठ धरून सगळं एकदम वर.

पहिल्याच आठवड्यात ही पट्टी तरंगली. हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. पाणी चढलं तशी पट्टी उचलली गेली, तिच्यासोबत फ्लोटही उचलला गेला आणि पंप लागायला उशीर झाला. मग वरच्या टोकाला खाच करून लाकडी पाचर ठोकली. त्यानंतर पट्टी जागची हलली नाही.

पंप ११०० गॅलनचा, म्हणजे तासाला चार हजार लिटरच्या वर. खोक्यावरचा हा आकडा प्रत्यक्षात मिळत नाही. पाणी मीटर-दीड मीटर वर चढवायचं असतं, होजची वळणं असतात, वायरीत व्होल्टेज पडतं. मी बादली लावून मोजलं. जुन्या आतून खरबरीत होजने आणि बारीक वायरने २० लिटर भरायला ४३ सेकंद. बॅटरीवर १२.५ व्होल्ट असताना पंपाच्या टोकाला ११.३ येत होते, कारण जोडावर हिरवा गंज. आतून गुळगुळीत होज आणि लोहार चाळीतून आणलेली ४ चौरस मिलिमीटरची वायर लावली, जोड गरम करून आवळणाऱ्या नळीत बंद केले. तीच बादली २७ सेकंदांत. पंप तोच.

होजमध्ये एकतर्फी व्हॉल्व्ह लावा, असं बरेच जण सुचवतात. पंप थांबला की होजमधलं पाणी परत खाली येतं, फ्लोट पुन्हा उचलतो, पंप पुन्हा लागतो, त्यावर हा उपाय. आमच्या पाण्यात खवलं असतात, व्हॉल्व्ह अडकला तर पाणी बाहेरच जाणार नाही. मी त्याऐवजी फ्लोट एक इंच वर घेतला. काम झालं.

फ्लोटची वायर मुख्य स्विचला न जोडता फ्यूज लावून थेट ट्यूब्युलरवर घेतलीय, म्हणजे बोट धक्क्याला बंद करून घरी गेलो तरी पंप आपला आपण लागतो. तांडेलकाकांच्या समोर पंपाचा लाल दिवा आहे. दिवा फार वेळ पेटलेला दिसला की ते हाक मारतात. आणखी वर दुसरा फ्लोट, त्याला नुसता भोंगा. भोंगा एकदाच वाजला, ग्लँडचा नट सैल झाला होता तेव्हा. इंजिनाखाली गोणपाट ठेवलाय, तेल सांडलं तर तिथेच मुरतं. तेलकट पाणी खाडीत सोडायचं नाही, आपलंच जाळं तिथे लागतं.

दहा महिन्यांत पट्टी सतरा वेळा वर काढली, डायरीत लिहिलंय. तीन वेळा फ्लोटमध्ये धागा सापडला. एकदा कोळंबीची मिशी, लाल, बिजागरीभोवती दोनदा वेढलेली. रिलेच्या एका टोकाला हिरवा गंज धरला होता, घासून व्हॅसलीन लावलं.

या बंदीत ग्लँडचं पॅकिंग बदलतोय. आणि पाचर सागाची करून घेतली. आधीची साध्या फळकुटाची होती, ती पाण्याने फुगून एप्रिलमध्ये अशी बसली की हातोडी घेऊन काढावी लागली.