कॅरी ग्रँट की जेम्स स्टुअर्ट? हिचकॉक कुणापासून सुरू करावा

जुनं हॉलिवूड पाहायचं ठरवलं की कुणीतरी शंभर चित्रपटांची यादी पाठवतं आणि उत्साह तिथेच मावळतो. त्यापेक्षा वाट आखूड ठेवा. आल्फ्रेड हिचकॉकने कॅरी ग्रँटला घेऊन चार चित्रपट केले आणि जेम्स स्टुअर्टला घेऊनही चारच. हे आठही १९४१ ते १९५९ या काळातले. दिग्दर्शक एकच असल्यामुळे नटांमधला फरक लख्ख दिसतो. प्रश्न एवढाच, की आधी कोण?

ग्रँट मूळचा इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा, खरं नाव आर्चिबाल्ड लीच. १९२० साली कसरतपटूंच्या ताफ्याबरोबर तो अमेरिकेत आला. ही कसरत त्याच्या अंगात शेवटपर्यंत राहिली. ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये (१९५९) भर उन्हात, उघड्या माळावर विमान त्याच्या अंगावर येतं, तेव्हा तो सूट घालून धावतो, धुळीत लोळतो आणि तरीही रुबाब सुटत नाही. चुकीच्या माणसाला हेर समजून लोक मागे लागतात, एवढीच गोष्ट. सव्वादोन तास कसे जातात कळत नाही. घरातल्या शाळकरी मुलांसकट पाहायचा असेल, तर या आठांत मी हाच लावेन.

स्टुअर्ट पेनसिल्व्हेनियातल्या इंडियाना नावाच्या गावचा, वडिलांचं हार्डवेअरचं दुकान. प्रिन्स्टनला वास्तुशास्त्र शिकला, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानं घेऊन युरोपवर गेला. युद्धाआधी तो भाबड्या, सरळमार्गी तरुणाच्या भूमिका करायचा. परतल्यावर त्या सरळपणात काहीतरी कडवट मिसळलं, आणि हिचकॉकने नेमकं तेच वापरलं.

‘रिअर विंडो’त (१९५४) तो पाय प्लास्टरमध्ये घालून खुर्चीत बसलेला छायाचित्रकार आहे. समोरच्या इमारतींच्या खिडक्यांत डोकावणं एवढाच उद्योग. त्यातून त्याला खुनाचा संशय येतो. अख्खं आवार पॅरामाउंटच्या स्टुडिओत उभारलेलं होतं आणि कॅमेरा जवळजवळ सगळा वेळ त्याच्या खोलीतच राहतो. म्हणजे नटाकडे उरतो फक्त चेहरा. आधी स्टुअर्टचा चेहरा, मग त्याला दिसलेलं दृश्य, मग पुन्हा चेहरा, एवढ्या सामग्रीवर हिचकॉक आपल्यालाही त्या चोरून पाहण्यात सामील करून घेतो. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्यांना तर या चित्रपटाची प्रस्तावना लागतच नाही.

नायिका म्हणून ग्रेस केली दोघांच्याही वाट्याला लागोपाठ आली, त्यामुळे तुलना सोपी होते. ‘रिअर विंडो’त तिला लग्न हवंय आणि स्टुअर्ट कारणं सांगतोय, त्या टोलवाटोलवीला खरी धार आहे. पुढच्याच वर्षीच्या ‘टू कॅच अ थीफ’मध्ये ती ग्रँटच्या मागे आहे. दोघं देखणे, फ्रान्सचा समुद्रकिनारा त्याहून देखणा (छायाचित्रणाचं ऑस्कर उगाच नाही मिळालं), पण चोर कोण याची फिकीर मला तरी वाटली नाही. रविवारी जेवणानंतर पाहायला छान. इथे स्टुअर्ट सरळ जिंकतो.

खरी झुंज मात्र दोघांच्या काळ्या चित्रपटांत आहे. ‘नटोरियस’मध्ये (१९४६) ग्रँट प्रेमात पडलेल्या स्त्रीला, इंग्रिड बर्गमनला, हेरगिरीसाठी एका नाझी माणसाच्या घरात जाऊ देतो आणि वर तिलाच टोचून बोलतो. एरवीचं मोहक हसू इथे गायब. पडद्यावरच्या चुंबनाच्या लांबीवर तेव्हा बंधनं होती, म्हणून हिचकॉकने ते तुकड्यातुकड्यांत, मध्ये बोलणं आणि फोन घालून चित्रित केलं. परिणाम उलट जास्तच उत्कट झाला. ‘व्हर्टिगो’त (१९५८) स्टुअर्ट एका बाईचे कपडे, केस सगळं बदलून तिला दुसरीसारखी करू पाहतो. असा सज्जन चेहरा आणि हे वेड! २०१२ साली ब्रिटिश नियतकालिक ‘साइट अँड साउंड’च्या समीक्षकांनी सर्वोत्तम चित्रपट निवडण्यासाठी घेतलेल्या मतचाचणीत तो पहिला आला. पण त्या मानाला भुलून सुरुवात त्याने करू नका. तो संथ आहे, आणि स्टुअर्टच्या चांगुलपणाची आधी सवय झालेली नसेल, तर अर्धा धक्का वाया जातो.

भाषेचंही पाहा. स्टुअर्ट रेंगाळत, अडखळत बोलतो, पण सावकाश. ग्रँटचे उच्चार स्वच्छ असले तरी हिचकॉकबाहेरच्या त्याच्या विनोदी चित्रपटांत, ‘हिज गर्ल फ्रायडे’त (१९४०) तर विशेष, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. उपशीर्षकांशिवाय धडगत नाही.

आठांपैकी उरले तीन. ग्रँटच्या ‘सस्पिशन’चा (१९४१) शेवट गुळमुळीत आहे, त्यातला दुधाचा पेला उजळण्यासाठी आत दिवा ठेवला होता, तेवढं दृश्य अजून चांगलं वाटतं. ‘रोप’मध्ये (१९४८) लांबच लांब सलग दृश्यांची करामत आहे, स्टुअर्ट मात्र भूमिकेत बसत नाही. ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) डोरिस डेच्या ‘के सेरा सेरा’ या गाण्यासाठी आणि लंडनच्या अल्बर्ट हॉलमधल्या मैफिलीसाठी पाहावा.

तेव्हा एकटे किंवा दोघं पाहणार असाल, तर ‘रिअर विंडो’; घरभर मंडळी असतील, तर ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’. दुसऱ्या फेरीत ‘नटोरियस’, मग ‘व्हर्टिगो’. आणि दोघांना एकाच चौकटीत पाहायचं असेल, तर हिचकॉक सोडून जॉर्ज क्यूकरचा ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (१९४०) काढा. त्यासाठी ऑस्कर मिळालं स्टुअर्टला. ग्रँटला १९७० साली मानद ऑस्करवर समाधान मानावं लागलं. माझं मत विचाराल तर त्या चित्रपटात काम ग्रँटचंच सरस आहे.