बिलावर नुसतं 100 लिहिलेलं, सहा ताग्यांत 51 मीटर कापड कमी आलं

घरी परकर शिवायचं काम करणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा प्लीज. गेल्या महिन्यात एका साडीच्या दुकानाची 300 परकरांची ऑर्डर मिळाली, एका परकराला 2 मीटर म्हणजे 600 मीटर पॉपलिन, म्हणून होलसेलवाल्याकडून 100 चे सहा तागे घेतले, 70 रुपये मीटरने. त्याने माझ्यासमोर घड्या मोजून दाखवल्या, बरोबर शंभर भरल्या, मी पैसे देऊन मोकळी.

कापायला बसलो तर एका ताग्यात 45 च परकर बसले. आधी वाटलं कटिंग चुकलं, आमच्या काकूंना उगाच बोलले मी, त्याचं अजून वाईट वाटतं. मग टेप लावली तर एक घडी 91 सेंटीमीटर आणि वर थोडं. म्हणजे मीटर नाहीच, वार! वार म्हणजे 91.44 सेंटीमीटर, नऊवारी साडीतला तोच वार. शंभर घड्यांमागे साडेआठ मीटर गायब, सहा ताग्यांचे साडेतीन हजारांवर गेले आणि 30 परकर कमी पडले ते वेगळंच.

दुकानात गेले तर म्हणतो ताई आम्ही वारातच देतो, बिल बघा. बिलावर फक्त 100, पुढे मीटर पण नाही न वार पण नाही. तोंडी मात्र भाव मीटरचाच सांगितला होता त्याने. 2009 च्या वैधमापन कायद्याप्रमाणे कापड मीटरमध्येच विकायचं असतं, हे मला नंतर कळलं, तेव्हा दुकानात बोलता आलं नाही.

आणि कापड 120 जीएसएम (म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम ते) सांगितलेलं, तेही तपासलं. 10 बाय 10 सेंटीमीटरचा तुकडा कापून ओळखीच्या सोनाराकडे वजन केलं, जितके ग्रॅम येतील त्याला शंभरने गुणायचं, झालं जीएसएम. 1.18 ग्रॅम भरला, म्हटलं हे तरी खरं. पण तोच तुकडा धुवून वाळवून परत ठेवला तर 0.96! सगळी खळ होती हो त्यात, हाताला जाड लागत होतं ते खळीमुळे. म्हणून धुतल्याशिवाय वजनावर अजिबात विश्वास ठेवू नका.

पन्हा तेवढा 36 इंच बरोबर निघाला.

आता मी टेप घेऊनच जाते, मधलीच एखादी घडी उघडून मोजते आणि बिलावर 'मीटर' शब्द लिहून घेतल्याशिवाय पैसे काढत नाही. लिहायला नाही म्हणाला तर तिथून उठायचं सरळ.