सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय: ओढत नाही, झटके मारते, तरी घ्यावी का?

पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात पोलो जीटी टीएसआयचे दोन भाव चालतात. एक चढा, आणि दुसरा "गिअरबॉक्सचं किरकोळ काम आहे, म्हणून सोडतोय" असं हळूच सांगितलेला. हा रिव्ह्यू दुसऱ्या भावातल्या गाडीचा. आमचं मत आधीच सांगून टाकतो: गाडी घेण्याजोगी आहे. पण पिकअप मेलंय ते इंजिनामुळे की गिअरबॉक्समुळे, हे ठरल्याशिवाय टोकन द्यायचं नाही. विकणारा दोन्हींना "सेन्सरचं काम" म्हणतो, घाईतला मेकॅनिक दोन्हींना "मेकाट्रॉनिक गेलं", म्हणजे गिअरबॉक्सचा मेंदूच गेला, म्हणतो, आणि खर्चात मात्र जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

गाडी कोणती ते नीट समजून घ्या. २०१३ साली आलेली आणि बीएस-४ संपेपर्यंत, म्हणजे २०२० च्या सुरुवातीपर्यंत विकली गेलेली, चाकणच्या कारखान्यातली जीटी टीएसआय. ११९७ सीसी टर्बो पेट्रोल, १०५ पीएस, १५०० ते ४१०० आरपीएमच्या पट्ट्यात १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि सात गिअरांचा डीएसजी, म्हणजे फोक्सवॅगनचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. शून्य ते शंभर ९.७ सेकंदांत, असा कंपनीचा दावा. त्यानंतर त्याच बिल्ल्याखाली एक लिटरचं इंजिन आणि सहा गिअरांचा टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोहोचवणारा ऑटोमॅटिक, आला. तो वेगळाच प्राणी आहे, इथलं काही त्याला लागू नाही. आरसीवर सीसी बघितली की गोंधळ मिटतो.

या डीएसजीचं कूळ डीक्यू २००. आत दोन क्लच आहेत आणि दोन्ही कोरडे, तेलात न बुडणारे. पहिल्या क्लचकडे १, ३, ५, ७ हे गिअर. दुसऱ्याकडे २, ४, ६ आणि रिव्हर्स. ही वाटणी पाठ करून ठेवा, निम्मं निदान तिथेच होतं. क्लच दाबण्याचं आणि गिअर पाडण्याचं काम मेकाट्रॉनिक करतं. त्यात कॉम्प्युटर, झडपा, विजेवर चालणारा तेलाचा पंप आणि दाब साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर असं सगळं एकाच डब्यात बसवलेलं आहे. मुख्य गिअरांचं तेल वेगळं, साधारण १.७ लिटर, मेकाट्रॉनिकचं हायड्रॉलिक तेल वेगळं, लिटरभर. म्हणून "डीएसजी ऑइल बदलून टाका, झटके जातील" हा सल्ला या गाडीला गैरलागू आहे. जो क्लच थरथरतोय, त्याला तेल लागतच नाही.

गाडी बघायला जाल तेव्हा आधीच बजावून ठेवा की इंजिन चालू करून ठेवू नका. थंड गाडीच खरं बोलते. बॉनेटला हात लावून बघा. कोमट लागला तर चहा पिऊन या, किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जा. मग इग्निशन ऑन करायचं, पण इंजिन चालू न करता आधी स्कॅनर, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर वाचणारं यंत्र, लावायचा. साधा ब्लूटूथवाला स्वस्त स्कॅनरसुद्धा इथे दोन कामं करतो. पहिलं, बिघाडाचे कोड पुसून किती किलोमीटर झाले ते दाखवतो. तो आकडा दहा-वीस असेल आणि रेडिनेस तपासण्या, म्हणजे कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या चाचण्या, अपूर्ण दिसत असतील, तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी हात फिरवला आहे. दुसरं, मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, त्यामुळे बंद इंजिनाला हा आकडा ९४-९५ किलोपास्कलच्या आसपास यायला हवा. तिथे १०१ दिसला म्हणून खूश होऊ नका, तो मुंबईचा आकडा. पुण्यात तो दिसला तर सेन्सरवरच शंका घ्यायची.

आता इंजिन चालू करा. ब्रेक घट्ट दाबून पीमधून आर, मग डी. दोन्हीकडे गाडीने लगेच आणि हलकेच पकड घ्यायला हवी. पकड यायला सेकंद-दोन सेकंद लागले, किंवा खालून धप्प आवाज आला, तर नोंद करा. मग सपाट जागी ब्रेक सोडून, अ‍ॅक्सिलरेटरला हात न लावता, म्हणजे पाय न लावता, गाडी आपोआप सरकू द्या. पुढे सरकताना सगळी केबिन थरथरली तर पहिला क्लच. रिव्हर्समध्ये सोसायटीचा रॅम्प चढताना थरथरली तर दुसरा. बहुतेक गाड्यांत पहिलाच आधी झिजतो, कारण सिग्नलवर सुटताना दर वेळी तोच घासला जातो. फक्त पुढे थरथरते आणि मागे लोण्यासारखी जाते, अशी गाडी मिळाली तर मेकाट्रॉनिकवर आळ घ्यायचं कारण नाही. क्लच सेटचा भाव धरून घासाघीस करा.

रिव्हर्स आणि सहावा दोन्ही एकदम गायब असतील, तर ती वेगळी गोष्ट. त्या दोघांना सरकवणारा आतला काटा (फोर्क) एकच आहे. तिथे बॉक्स उघडावा लागतो, तेव्हा सरळ नमस्कार करून निघा.

यानंतरची चाचणी सगळ्यांत मोलाची, आणि नेमकी तीच कोणी करत नाही. गाडी चांगली गरम झाली की मोकळा, सरळ रस्ता गाठा. बायपासवर करायची तर पहाटे करा, आणि नवले पुलाच्या उताराच्या वाटेला जाऊ नका. लिव्हर मॅन्युअल खाचेत घेऊन तिसरा गिअर लावा. २००० आरपीएमवर स्थिर करा, वेग बघून ठेवा आणि पेडल जवळजवळ पूर्ण दाबा. "जवळजवळ" म्हणायचं कारण असं की तळाला किकडाउनची टिक आहे. ती लागली तर मॅन्युअलमध्येही गाडी खालचा गिअर टाकते आणि चाचणी वाया जाते. ३००० ला वेग आधीच्या बरोबर दीडपट हवा, ४००० ला दुप्पट. गिअर तोच आहे, म्हणजे हे प्रमाण हलता कामा नये. सोबत कोणीतरी मोबाइलवर मीटरचं चित्रीकरण करत बसलं की नंतर शांतपणे तपासता येतं.

आरपीएम पुढे पळाले आणि वेग मागे राहिला, म्हणजे क्लच घसरतोय. प्रमाण बरोबर आहे पण गाडी रेंगाळतच वर जाते, म्हणजे गिअरबॉक्स बिचारा निर्दोष आहे, इंजिनच दम देत नाही. हीच चाचणी चौथ्या गिअरमध्ये पुन्हा करा, म्हणजे दुसरा क्लचही तपासून होतो.

इंजिन दोषी निघालं तर आनंदच माना. टर्बोचा मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, हे दोन आकडे फोक्सवॅगन समजणाऱ्या स्कॅनरवर शेजारी शेजारी दिसतात. मिळालेला सतत कमी पडत असेल आणि पी ०२९९ हा कोड आला असेल, तर स्वस्तापासून सुरुवात करा: एअर फिल्टर, मग टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे पाइप आणि त्यांचे क्लॅम्प. जिथे जोडावर तेलकट काळी धूळ जमलेली दिसते, तिथून हवा निसटते. त्यानंतर वेस्टगेटची, म्हणजे टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपेची, दांडी मोकळी हलते का, हे बघा. टर्बो बदलायची भाषा त्याच्याही नंतर. दाब पुरेसा आहे आणि गाडी मिसिंग करते, पी ०३०१ ते पी ०३०४ पैकी काही दिसतं, तर शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल तर त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्याला लावा. कोडही शेजारी सरकला तर कॉइल गेली. इंजिनावर प्लगच्या वायरी असतील तर हीच अदलाबदल जमेल तिथे वायरीची करा. एवढं करूनही कोड जागचा हलला नाही, तर प्लग, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. पी ००८७ दिसला तर इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतला (रेलचा) दाब पडतोय, पंपाकडे वळा.

या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे आत येणाऱ्या हवेच्या झडपा पेट्रोलने धुतल्या जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन साचतो. शहरातल्या शहरात दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारलेल्या गाडीत तो जास्त. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटल्या या झडपांपर्यंत पोहोचतच नाहीत, तेव्हा तो खर्च वाचवा. इनटेक मॅनिफोल्ड काढून साफ करणं हाच उपाय आहे. आणखी एक: ज्या गाडीत साधं पेट्रोल भरून कडक उन्हात घाट चढवला जातो, तिथे नॉक, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं, टाळायला कॉम्प्युटर ठिणगीची वेळ (इग्निशन) मागे ओढतो आणि गाडी सुस्त होते. स्कॅनरवर प्रत्येक सिलिंडरचं हे मागे ओढणं अंशांत दिसतं. चारही सिलिंडर सारखेच मागे असतील तर ९५ ऑक्टेनचं पेट्रोल भरून पुन्हा मोजा. एकच मागे असेल तर पेट्रोलला दोष देऊ नका.

गिअरबॉक्स दोषी ठरला तरी लगेच मेकाट्रॉनिकवर यायचं नाही. आधी बॅटरी. पंप विजेवर चालतो आणि व्होल्टेज पडलं की गिअर वेडेवाकडे पडतात. रात्रभर उभ्या गाडीत १२.४ व्होल्टच्या वर आणि चालू इंजिनात १४ च्या आसपास दिसायला हवं. मग इंजिनाचं खालचं माउंटिंग. त्याचं रबर फाटलं की प्रत्येक गिअरला इंजिन पुढे-मागे डोलतं आणि तो धक्का हुबेहूब गिअरबॉक्सचा वाटतो. ब्रेक दाबून डी आणि आर आलटून पालटून टाकताना बॉनेट उघडं ठेवून इंजिनाकडे कोणालातरी बघायला सांगा, अर्थात गाडीसमोर उभं न राहता. उसळी स्पष्ट दिसते. न्यूट्रलमध्ये खडखड आणि इंजिन बंद करताना खाड्‌कन आवाज, हे फ्लायव्हीलचं लक्षण. क्लच सेट बदलायला बॉक्स उतरवणारच असाल तर ते त्याच वेळी तपासा, दुसऱ्यांदा मजुरी भरायची हौस कोणाला?

मेकाट्रॉनिकचा खरा आजार ओळखण्यासाठी गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर वाचावा लागतो, आणि तिथे स्वस्त स्कॅनर गप्प बसतो. व्हीसीडीएस किंवा ओबीडी इलेव्हनसारखा, फोक्सवॅगन समजणारा स्कॅनर हवा. पी १७बीएफ आणि पी १८९सी हे दोन कोड लक्षात ठेवा: पंप जास्त वेळ चालतोय, दाब पुरेसा साठत नाही. पंप थोडा वेळ चालून दाब ६० बारच्या आसपास नेतो, मग गप्प बसतो आणि दाब चाळिशीकडे उतरला की पुन्हा सुरू होतो. तो सारखाच सुरू-बंद होत असेल तर दाब कुठेतरी गळतोय. अ‍ॅक्युम्युलेटर जिथे आट्यांनी बसतो, तिथली अ‍ॅल्युमिनियमची भिंत चिरते, हे या बॉक्सचं जुनं दुखणं. गिअरबॉक्सखाली तेलाचा ओलावा दिसला तर शंका पक्की. अशी गाडी भर चौकात अचानक पकड सोडते, डॅशबोर्डवर पान्याचं चिन्ह चमकतं, आणि थोड्या वेळाने बंद-चालू केलं की काही झालंच नाही अशी निघते. मालकाला वाटतं बरी झाली.

२०१३ च्या शेवटी फोक्सवॅगनने जगभरात सोळा लाख गाड्या याच सात गिअरी बॉक्ससाठी परत बोलावल्या होत्या. उष्ण, दमट हवेत सिंथेटिक तेलामुळे मेकाट्रॉनिकमध्ये विजेचा दोष निर्माण होत होता, म्हणून त्याजागी मिनरल तेल घालून दिलं. सुरुवातीच्या वर्षातली गाडी असेल तर चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये या गाडीवर काय काय काम झालं, हे विचारून घ्या.

कामाला गाडी टाकताना गॅरेज वाकडचं की भोसरीचं, यापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. क्लच काढायची आणि बसवायची खास टूल आहेत का? काम झाल्यावर बेसिक सेटिंग करून देणार का? नवा क्लच नुसता बसवून चालत नाही. त्याचा स्पर्शबिंदू कॉम्प्युटरला नव्याने शिकवावा लागतो, आणि बसवतानाचं अंतर मिलिमीटरच्या अंशात जुळवावं लागतं. ही पायरी गाळली की नवा क्लचही जुन्यासारखा थरथरतो आणि पुन्हा मेकाट्रॉनिकचं नाव निघतं. कधीकधी उलटंही घडतं: क्लचमध्ये जीव असतो, फक्त बेसिक सेटिंगने झटके पुष्कळ कमी होतात. म्हणून क्लचची ऑर्डर देण्याआधी ते एकदा करून बघावं. कामाआधीचा आणि नंतरचा स्कॅन रिपोर्ट चेसिस नंबरासकट मागा, काढलेला क्लच ताब्यात घ्या.

गाडी ताब्यात आल्यावर सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत बोटभर बोटभर पुढे सरकवत राहू नका. पुढच्या गाडीला थोडं जाऊ द्या आणि मग एकदम सुटा. थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबा, अर्धवट ब्रेकवर क्लच घासत राहतो. चढावर गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय असेल तर ही गाडी घेऊच नका, टॉर्क कन्व्हर्टरवाली बघा.