पत्र्याची रोल फॉर्मिंग लाईन: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः एका नटाबद्दल

दिवाळीनंतर जळगाव एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये ही लाईन बसवली. सपाट पत्रा ओळीने लावलेल्या रोलांतून ओढून छपराचा पत्रा बनवायचा; १२२० मिलिमीटर रुंदीची कलर कोटेड कॉइल, थांबून कापणारी हायड्रॉलिक कात्री. बाकी माहितीपत्रक सगळ्यांनी पाहिलेलंच असतं. स्टँड (रोलांच्या जोड्या धरणाऱ्या चौकटी) मजबूत, शाफ्ट सरळ, पॅनल नीट वायरिंग केलेलं. पहिल्या महिन्यात मी तिघांना तरी 'डोळे झाकून घ्या' असं सांगितलं. त्यांची आता माफी मागतो. अर्धीच, कारण पुढे मत पुन्हा बदललं.

मोटरवाला डिकॉइलर (कॉइल धरून उलगडणारा ड्रम) आणि लूप (पत्र्याचा राखीव झोळ) घेतला असता तर पावणेदोन लाख जास्त पडत होते. मी साधा घेतला: रोलच पत्रा ओढतात आणि कॉइल सैल फिरू नये म्हणून ड्रमवर ब्रेकचा पट्टा. तो पट्टा आवळायला एक स्प्रिंग आणि एक नट. माझं भांडण या नटाशी आहे. त्यावर खूण नाही, आकडा नाही, काही नाही. लाखांच्या मशीनवर पत्र्याचा ताण ठरवणारी एकमेव जागा, आणि तिथे ऑपरेटरने पाना घेऊन अंदाजाने 'अजून अर्धा आटा' म्हणायचं! घरच्या गॅसच्या शेगडीलासुद्धा लहान-मोठं लिहिलेलं असतं.

त्रास असा. कॉइल नवी असताना लाईन थांबली की कॉइल आपल्या जोरात थोडी पुढे फिरते, पत्र्याला झोळ पडतो. लाईन सुरू झाली की झोळ संपतो आणि हिसका बसतो. त्या हिसक्यात एन्कोडरचं, म्हणजे लांबी मोजणारं, चाक घसरतं, लांबी चुकते. बारा फुटांचा पत्रा आठ-दहा मिलिमीटर कमी. गोठ्याला चालून जातं, जिनिंगच्या शेडवाल्याने मात्र टेप लावून गाडी परत पाठवली.

म्हणून नट आवळला. मग कॉइल संपत आली की उलटं: पत्रा ताठ, पत्रा आत घेणाऱ्या एंट्री गाइडवर कडा घासून रंग खरवडलेला. ब्रेकचा जोर तोच, पण कॉइलची त्रिज्या कमी झाली की ताण वाढणारच. पाच टनांची, ०.४५ मिलिमीटर जाडीची कॉइल भरलेली असताना व्यास साधारण साडेनऊशे मिलिमीटर, आतलं भोक ५०८. म्हणजे शेवटी ताण जवळजवळ दुप्पट. कागदावर हे पटत होतं, डोळ्यांनी पाहायचं होतं. शेतावरून कापूस वेचणीचा लटकता काटा आणला, पत्र्याच्या टोकाला क्लॅम्प लावून हाताने ओढला. भरलेली कॉइल २२ किलोला हलली. त्याच नटावर, तळाला बोटभर उरलेली कॉइल ३८ला.

हे कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला फोनवर सांगितलं, तर उत्तर: 'कॉइल खराब असेल. पहिल्या दोन स्टँडचा गॅप कमी करा.' केला. दोन दिवसांत पत्र्याच्या कडेला लाट यायला लागली आणि मोटरचा अँपिअर वाढला. फीलर गेज (फट मोजायच्या पात्या) लावून गॅप पूर्ववत केला. वॉरंटी बारा महिन्यांची, तरी माणूस पाठवायचे प्रवासासह साडेसहा हजार मागितले. मी दिले नाहीत.

इथवर मी पाचपैकी दोन देणार होतो.

मे महिन्यात नवीनच प्रकार. सकाळी लाईन बरी, दुपारी तीननंतर हिसके. आमचा ऑपरेटर अमळनेरचा, तो म्हणाला, "भाऊ, हाई दुपारलेच का बरं रुसस?" मी नेहमीप्रमाणे नटाला शिव्या घातल्या. त्याने मात्र खडू घेतला आणि दर हिसक्याला चालत्या पत्र्यावर रेघ मारत गेला. भरलेल्या कॉइलला रेघा दहा फुटांवर, अर्ध्या कॉइलला साडेसातावर. रोलचा दोष असता तर अंतर बदललं नसतं; रोल १५० व्यासाचे, त्यांची खूण दर ४७ सेंटिमीटरला आली असती. अंतर कॉइलबरोबर घटतंय म्हणजे दुखणं डिकॉइलरचं, आणि फेरीला एकदाच.

मग त्याने मँड्रेलपासून (डिकॉइलरचा फुगून कॉइल आतून धरणारा दांडा) कॉइलपर्यंत एक सरळ रेघ ओढली. दहा मिनिटांत ती तुटून चार बोटं सरकली होती. कॉइल मँड्रेलवर घसरत होती! सकाळी पकड १२० बारची, दुपारी गेज ८०वर. ४४ अंशांत तेल पातळ होतं, सिलिंडरचं सील आतून गळत होतं. मँड्रेल पूर्ण फुगत नव्हता, कॉइल खाली लटकून भोवऱ्यासारखी वेडीवाकडी फिरत होती. सील नऊशे रुपयांचं. दाब धरून ठेवणारा पायलट चेक व्हॉल्व्ह कंपनीने बसवलाच नव्हता, तो अडीच हजारांत इथेच बसवून घेतला. दुपारचे हिसके बंद. निम्मे आरोप मी नटावर उगाच ठेवले होते.

उरलेले निम्मे त्याचेच. व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) रॅम्प, म्हणजे वेग घ्यायचा वेळ, एका सेकंदावरून तीनवर नेला, झोळाचा धक्का मवाळ झाला. दर शिटाला दोन-तीन सेकंद जातात, जाऊ देत. आणि पत्र्याला काटा लावून नटाच्या दांड्यावर पंचाच्या चार खुणा मारल्या: भरलेली कॉइल, पाऊण, अर्धी, तळ. प्रत्येक खुणेला २० ते २४ किलो. आता पाना हातात घेणारा पोरगाही चुकत नाही. हे काम कारखान्यात दहा मिनिटांचं होतं.

पाचपैकी साडेतीन. अर्धा नटाचा कापला, एक सर्व्हिसचा. पावणेदोन लाख वाचले त्याचं समाधान आहेच, फक्त खरवडलेल्या पत्र्याचा हिशेब घरी अजून सांगितलेला नाही. शेतावरून काट्यासाठी दोनदा निरोप आलाय. वेचणी दसऱ्याच्या सुमाराला सुरू होईल, तोवर काटा लाईनीवरच राहील.